शेतीच्या प्रश्नोत्तरांचं मॉडरेशन: उडवण्याआधी प्रश्न नीट करून घ्या

प्रश्न थोडक्यात असा: शेतकऱ्यांसाठी मराठीत ऑनलाइन प्रश्नोत्तरांचा विभाग चालवतो. रोज चाळीसेक प्रश्न येतात, मॉडरेशनला चार स्वयंसेवक आहेत. निम्म्या प्रश्नांत ‘उपाय सांगा’ एवढंच असतं, उत्तरांत दुकानदारांच्या जाहिराती शिरतात आणि दोन दिवसाआड भांडण होतं. काय उडवायचं, काय ठेवायचं, किती कडक राहायचं?

उडवण्यापासून सुरुवात करू नका. भांडण प्रतिसादांत दिसतं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा प्रश्नात असतं. हा नमुना बघा:

‘सोयाबीन पिवळे पडले आहे अर्जंट उपाय सांगा’

याला तासाभरात चार उत्तरं येतात. एक जण युरिया टाका म्हणतो. दुसरा म्हणतो फेरस सल्फेट फवारा. तिसऱ्याच्या मते हा यलो मोझॅक, रोगट झाडं उपटा आणि पांढरी माशी आवरा. चौथा सांगतो पाणी साचलंय, आधी चर काढा. चौघंही आपापल्या रानापुरते बरोबर आहेत. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्राकडे बघावं लागतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, जी चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. हिरवे-पिवळे चट्टे असतील तर विषाणू, आणि फक्त सखल पट्टा पिवळा असेल तर पाणी. कुठली पानं, हे विचारणाऱ्यानं सांगितलेलंच नाही. त्यामुळे उत्तर देणारे एकमेकांना खोडत बसतात आणि पंधराव्या प्रतिसादाला गाडी ‘तुम्ही कुठल्या कंपनीचे एजंट?’ इथे येऊन थांबते. तो पंधरावा प्रतिसाद उडवलात तर सोळावा येईल.

म्हणून पहिला नियम असा ठेवा: ज्याचं एकच बरोबर उत्तर देणं शक्य नाही तो प्रश्न, पहिलं उत्तर येण्याआधी, ‘माहिती हवी’ असा शिक्का मारून थांबवायचा. थांबवणं आणि उडवणं वेगळं. थांबवलेला प्रश्न सगळ्यांना दिसतो, खाली खुलासे विचारता येतात, फक्त उत्तराचं बटण बंद असतं. माहिती आली की पुन्हा उघडायचा. तीन दिवस काहीच आलं नाही तर बंद, आणि तीस दिवसांनी हटवायचा. प्रश्न आल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात हा शिक्का बसला तर उपयोग. चार उत्तरं आल्यावर प्रश्न थांबवला तर ती चार माणसं तुमच्यावर उखडतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

थांबवताना लिहायचा मजकूर आधीच तयार ठेवा, आणि तो सरकारी मराठीत नको. ‘आपणांस सूचित करण्यात येते की’ वाचून माणूस परत फिरतो. असं लिहा:

‘दादा, पिवळेपणाची चार-पाच कारणं असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. पेरणी कधीची? वरची पानं पिवळी की खालची? शिरा हिरव्या आहेत का? आजवर काय काय फवारलं? दिवसाउजेडी काढलेले दोन फोटो टाका, एक पूर्ण झाडाचा आणि एक पानाचा जवळून. एवढं आलं की प्रश्न लगेच उघडतो.’

समोरची बाई असेल तर ‘ताई’. नावावरून कळत नसेल तर सरळ ‘तुम्ही’ पुरे. माहिती आली की शीर्षक तुम्ही स्वतः बदला: ‘२५ दिवसांच्या सोयाबीनची वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या: कारण काय?’ पुढच्या वर्षी हाच त्रास असलेला माणूस शोधताना ‘अर्जंट’ हा शब्द टाकणार नाही, ‘पानं पिवळी शिरा हिरव्या’ टाकेल.

यातला बराचसा भार प्रश्न विचारायच्या फॉर्मवर टाकता येतो. पीक, पेरणी किंवा छाटणीची तारीख, तालुका, आधीच्या फवारण्या, फोटो. अनिवार्य रकाने पाचच्या वर नेऊ नका. सहाव्यापासून लोक ‘अबक’ किंवा नुसती टिंबं भरतात आणि ती तपासण्याचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. जमिनीचा सामू (पीएच) आणि मातीपरीक्षणाचे आकडे ऐच्छिक ठेवा.

संपादन करताना हात कुठे आवरायचा, हेही चौघांत ठरलेलं हवं. शीर्षक, पिकाचं नाव, औषधाचं नाव, मात्रेचं एकक आणि परिच्छेद एवढंच दुरुस्त करा. माणसाची बोली सोडून द्या. ‘पानी सोडलं तरी झाड उचलंना’ हे वाक्य सगळ्यांना कळतं. त्याचं ‘पाणी दिले असतानाही वाढ होत नाही’ करण्याची गरज नाही. वऱ्हाडीतून, अहिराणीतून, मालवणीतून आलेला प्रश्न तसाच राहू द्या. आणि प्रतिसादात कुणी ‘आधी न आणि ण शिका’ म्हणून टोमणा मारला तर तो त्याच मिनिटाला उडवा, चर्चा नको. हा टोमणा शुद्धलेखनाचा वाटतो, पण त्याखाली जात आणि गाव दोन्ही मोजले जातात, आणि ज्याला तो बसतो तो पुन्हा प्रश्न विचारायला येत नाही. रोमन लिपीत लिहिलेला प्रश्न मात्र देवनागरीत आणून ठेवा, नाहीतर तो शोधात सापडत नाही. ‘तुमचा मजकूर देवनागरीत केला, शब्द तेच आहेत’ अशी एक ओळ खाली टाकली की कुणाला राग येत नाही.

शोध आला की पुनरावृत्तीचा विषय येतोच. तेच ते प्रश्न येतात म्हणून कंटाळून उडवू नका. मूळ धाग्याला, म्हणजे त्या विषयावरच्या आधीच्या प्रश्नोत्तरांना, जोडा आणि दोन्ही दिसू द्या, कारण लोक एकच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी शोधतात. द्राक्षावरच्या एकाच रोगाला कुणी डाऊनी म्हणतो, कुणी डावणी, कुणी केवडा. ‘बोंडअळी’ आणि ‘बोंड अळी’ हे संगणकाला दोन वेगळे शब्द आहेत. अशी समानार्थी यादी शोधयंत्रणेला हातानं भरून द्यावी लागते. शंभर-दीडशे जोड्यांत रोजचं काम भागतं.

याहून त्रासदायक भाग डोळ्यांना दिसतच नाही. ‘वाऱ्यामुळे’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली नुक्ता असलेल्या स्वतंत्र अक्षरातून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह मिळून. पडद्यावर दोन्ही सारखे, शोधात वेगळे. ‘ॲसिड’मधल्या पहिल्या अक्षराचंही तेच. एका कीबोर्डवर ते एकच चिन्ह असतं, दुसऱ्यावर अ, जोडचिन्ह आणि वरचा चंद्र असे तीन तुकडे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची सोय, म्हणजे युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण, या जोड्या एक करत नाही. त्यामुळे मजकूर साठवतानाच एक रूप दुसऱ्यात बदलणारे दोन नियम तुमच्या प्रोग्रामरकडून लिहून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ते न केल्यानं ‘हा प्रश्न आधी कुणी विचारलेलाच नाही’ असा भास वर्षानुवर्षं होत राहतो.

शिव्यांच्या यादीतही हीच गंमत होते. बहुतेक सॉफ्टवेअरं शब्दाचा तुकडा शोधतात. मराठीत नेहमीची शिवी यादीत घातलीत की पहिला बळी ‘गांडूळखत’ जातो, आणि शेतीच्या विभागात गांडूळखत अडलं म्हणजे निम्मा सेंद्रिय विभागच बंद पडला. ‘वरांडा’ अडतो, ‘लंडन’ अडतं. जातिवाचक शब्द यादीत घातले तर ‘महाराष्ट्र’ असलेली प्रत्येक पोस्ट रांगेत जाऊन बसते. यावर ‘पूर्ण शब्द असेल तरच पकडा’ हा तोडगा सुचतो, पण जावास्क्रिप्टमधलं शब्दसीमेचं साधं चिन्ह इंग्रजी अक्षरं आणि आकडेच ओळखतं, देवनागरीला ते लागूच पडत नाही. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे पूर्ण शब्द क्वचितच सुटा मिळतो. म्हणून दोन याद्या ठेवा. एक पकडायच्या तुकड्यांची, दुसरी सोडून द्यायच्या शब्दांची: गांडूळ, गांडुळ, महाराष्ट्र, महाराज, वरांडा. आणि यादीत सापडलेली पोस्ट आपोआप हटवू नका, माणसासमोर रांगेत ठेवा. जातीचं नाव कुणी शिवी म्हणून घेतलंय की स्वतःची ओळख म्हणून, हे यादीला कळत नाही.

आता औषधांची उत्तरं. तुमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला पाहिजे. एखादं उत्तर उद्धट असलं तर कुणाचा तरी अपमान होतो. मात्रा चुकली तर पीक जातं किंवा माणूस जातो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले. एवढं एक उदाहरण या विभागाचा नियम कडक ठेवायला पुरेसं आहे.

नियम असा. रासायनिक औषध सुचवणाऱ्या प्रत्येक उत्तरात पाच गोष्टी हव्यात: औषधातला मूळ घटक, त्याची टक्केवारी आणि प्रकार, मात्रेचं स्पष्ट एकक, त्या पिकासाठी लेबल क्लेम (त्या पिकावर वापरायची अधिकृत नोंद) आहे का, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं. यातलं एक जरी नसेल तरी उत्तर झाकायचं आणि लिहिणाऱ्याला कळवायचं. चोवीस तासांत भरलं तर पुन्हा दाखवायचं.

टक्केवारीचा एवढा आग्रह का, ते एका औषधात समजतं. ‘इमिडा ५ पंपाला’ असं उत्तर सर्रास येतं. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के एसएल हे द्रावण आहे, लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम मूळ घटक. त्याच नावाचं ७० टक्के डब्ल्यूजी हे दाणेदार असतं, किलोमागे ७०० ग्रॅम. उत्तर देणाऱ्याच्या मनात द्रावणाचे ५ मिली होते, वाचणाऱ्यानं दाण्याचे ५ ग्रॅम टाकले, तर मूळ घटक साडेतीनपट गेला. दोघांनीही ‘इमिडा ५’ हेच पाळलं.

पंपाचंही तसंच. पंप पंधरा लिटरचा, सोळाचा, वीसचा. द्राक्षबागेतला ब्लोअर शेकड्यांत पाणी घेतो. ‘पंपाला’ हे एकक म्हणून चालवूनच घेऊ नका. ‘लिटरला’ आणि ‘एकरी’ दोन्ही मागा, कारण ड्रोन आल्यापासून नुसतं ‘लिटरला’सुद्धा फसवतं. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर लिटरला २ मिली म्हणजे एकरी ४०० मिली औषध होतं. तेच प्रमाण ड्रोनच्या १० लिटर पाण्यात घातलं तर एकरी २० मिली. मग तोच माणूस परत येऊन लिहितो, ‘औषध बोगस आहे.’

काढणीपूर्वीचा कालावधी (पीएचआय) द्राक्ष बागायतदारांना सांगावा लागत नाही, भाजीवाल्यांना सांगावा लागतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली, तेव्हापासून द्राक्षपट्ट्यात ‘लेबल क्लेम’ आणि ‘पीएचआय’ हे शब्द घरोघरी बोलले जातात. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी त्यासाठीच वापरतात. वांगी, भेंडी, कोथिंबीर यांच्या धाग्यांवर मात्र ‘परवा काढणी आहे, आज काय मारू?’ असा प्रश्न सरळ विचारला जातो. याला औषध सुचवणारं उत्तर लेबलवरच्या दिवसांशी जुळत नसेल तर त्यावर वाद घालत बसू नका, झाका.

लगेच झाकायची यादी छोटी ठेवा. बंदी असलेलं औषध, भाजीवर लाल त्रिकोणाचं (अतिविषारी गटातलं) औषध, आणि लेबलचा किंवा विद्यापीठाच्या शिफारशीचा आधार नसताना दोनपेक्षा जास्त औषधांचं एकत्र मिश्रण. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासून मनाई आहे. एन्डोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बंदी घातली. पण जुन्या पुस्तिकेतून उतरवून काढलेल्या उत्तरात ही नावं येऊ शकतात, लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी.

आणि एक गोष्ट कधीच करू नका: दुसऱ्याच्या उत्तरातला मात्रेचा आकडा गुपचूप दुरुस्त करणं. शीर्षक बदला, परिच्छेद पाडा, पण आकडा त्याचा आहे. चूक असेल तर उत्तर झाका किंवा वर चौकटीत ‘मॉडरेटरची टीप: लेबलवर लिटरला ०.३ मिली आहे, इथे दिलेलं प्रमाण जास्त आहे’ असं नावानिशी लिहा. आकडा बदललात तर उद्या नुकसान झाल्यावर ते उत्तर कुणाचं, याचा पत्ता लागत नाही.

विषबाधेचा चालू प्रसंग वेगळा. ‘फवारताना चक्कर येतेय, डोळ्यांपुढं अंधारी’ अशी पोस्ट आली की प्रश्नोत्तरं तिथेच संपतात. धागा कुलूपबंद करा आणि एकच तयार मजकूर वर ठेवा: फवारणी थांबवा, मोकळ्या हवेत या, भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा, उलटी करवू नका, १०८ ला फोन करा, औषधाची बाटली किंवा लेबल दवाखान्यात सोबत न्या. ताक प्या, लिंबू चाटा, गूळ खा अशा सल्ल्यांना तिथे जागा नाही; ते येण्याआधीच कुलूप लागलेलं हवं.

कर्जाबद्दल लिहिता लिहिता कुणी जगण्यालाच कंटाळल्याचं लिहितो, त्या पोस्टसाठीही ठरलेली रीत हवी. ती हटवून मोकळं होऊ नका. लिहिणाऱ्याला वाटतं इथेही कुणी ऐकलं नाही. सार्वजनिक यादीतून काढा, प्रतिसाद बंद करा, आणि एका मॉडरेटरनं लगेच खासगीत साध्या शब्दांत बोलावं: वाचलं, तुम्ही आत्ता कुठे आहात, जवळ कोण आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, तिथे मराठीत बोलता येतं. धोका आत्ताचा वाटला तर ११२. दुसऱ्या मॉडरेटरला त्याच क्षणी सोबत घ्या. एकट्यानं हे पेलायचं नाही. पोस्टमध्ये कुठल्या औषधाचा, पद्धतीचा उल्लेख असेल तर तो कुणालाच दिसता कामा नये.

दुकानदार आणि कंपनीचे प्रतिनिधी यांना सरसकट हाकलू नका. लेबल आणि मात्रा यांची सगळ्यात नेमकी माहिती बरेचदा त्यांच्याकडेच असते. अट एकच: प्रोफाइलमध्ये आणि उत्तरात ‘मी अमुक कंपनीत काम करतो’ किंवा ‘माझं कृषी सेवा केंद्र आहे’ हे उघड लिहायचं, मूळ घटकाचं नाव ब्रँडच्या आधी द्यायचं, फोन नंबर टाकायचा नाही. हे पाळणारा माणूस तुमचा चांगला सभासद होतो. न पाळणारा डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावानं खोटा आयडी, काढतो.

डुआयडीची चाल ठरलेली असते. नवा आयडी ‘फुटवा कमी आहे, काय वापरू?’ विचारतो. तासाभरात दुसरा नवा आयडी ‘मी हे वापरलं, जबरदस्त रिझल्ट’ लिहितो. तिसरा ‘कुठे मिळेल?’ विचारतो. लिहिण्याच्या लकबी बघा: तीच तीन उद्गारचिन्हं, ‘रिझल्ट’चं तेच स्पेलिंग, तोच वाक्याआधीचा स्वल्पविराम. दोघांच्या नोंदणीच्या वेळा बघा. पण नुसता आयपी पत्ता सारखा आहे म्हणून आयडी उडवू नका. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात; एका तालुक्यातले अनोळखी चाळीस जण तुम्हाला एकाच पत्त्यावर दिसू शकतात. आयपी हा तिसरा पुरावा, पहिला नव्हे.

आकडे पकडणाऱ्या चाळणीला देवनागरी अंकही शिकवा. इंग्रजी आकड्यांतला दहा अंकी नंबर अडवला की दुसऱ्याच दिवशी तोच नंबर ‘९८…’ असा येतो, मग ‘नऊ आठ’ असा अक्षरांत. पहिल्या दोन तऱ्हा यंत्रानं अडवता येतात, तिसऱ्यासाठी डोळे लागतात.

हीच चाळणी लोकांच्या भल्यासाठीही हवी. योजनेचा हप्ता आला नाही म्हणून लोक आधार कार्ड, पासबुक, सातबारा यांचे फोटो सरळ टाकतात. फोटो लगेच काढा आणि मागच्या आवृत्तीतूनही काढा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये संपादन केल्यावर जुनी आवृत्ती इतिहासात शाबूत असते, तिथला आधार क्रमांक कुणीही उघडून बघू शकतो. फोटोच्या आत साठवलेलं ठिकाण अपलोड होतानाच पुसण्याची सोय करून घ्या. ‘एपीके’ फाइलचे (मोबाइलवर थेट ॲप बसवणाऱ्या फाइलचे) दुवे मात्र विचार न करता अडवा. सरकारी योजनेच्या नावाखाली अशी ॲपं फिरवून बँक खाती रिकामी करतात. कुणी बळी पडलाच असेल तर त्याला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० क्रमांक सांगा आणि आधी बँकेला कळवायला लावा.

बोगस बियाण्याची तक्रार हा दर जूनचा ठरलेला धागा. ‘अमुक गावातल्या तमुक दुकानानं फसवलं’ असं नाव राहू दिलंत तर बदनामीची नोटीस तुमच्याकडे येते. अख्खा धागा उडवलात तर खऱ्या शेतकऱ्याचा आवाज जातो. मधला रस्ता आहे. दुकानाचं नाव झाका. वाण, लॉट नंबर, पेरणीची तारीख, उगवण मोजून किती आली, हे राहू द्या. खाली ठरलेली टीप: पावती, पिशवी, त्यावरचं टॅग आणि उरलेलं थोडं बियाणं जपून ठेवा, आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, म्हणजे तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीची पाहणी होते. सोयाबीनची किमान उगवण ७० टक्के असावी लागते, हा आकडाही टीपेत असू द्या. मग ‘उगवलंच नाही’च्या जागी ‘शंभरातले ४१’ असं लिहायची सवय लागते, आणि दुबार पेरणी कुणाच्या चुकीनं करावी लागली हे निदान बोलता तरी येतं.

लोकांना अधिकार किती द्यायचे, यासाठी प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संकेतस्थळाची शिडी बघण्यासारखी आहे. तिथल्या मूळ पायऱ्या अशा होत्या: १५ गुणांना वर मत, ५० ला कुठेही टिप्पणी, १२५ ला खाली मत, ३००० ला प्रश्न बंद करण्याचं मत. २०१९ मध्ये त्यांनी बंद करायला लागणारी मतं पाचावरून तीनवर आणली, कारण पाच माणसं जमेपर्यंत प्रश्न शिळा होत होता. तुमच्यासारख्या छोट्या ठिकाणी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. ३००० गुण गाठायला कुणाला तीन हंगाम लागतील. नव्या सभासदाच्या पहिल्या तीन पोस्ट तपासून सोडा, नंतर मोकळं. तीन जुन्या सभासदांनी जाहिरात म्हणून खूण केली की पोस्ट आपोआप झाकली जाऊ द्या. खाली मत देण्याचा अधिकार उशिरा द्या, आणि मत नावानिशी दिसणार नाही हे बघा. गावाकडे सगळे एकमेकांना ओळखतात; खाली मताचा हिशेब बाजाराच्या दिवशी चुकता होतो.

शिक्षेची चढण ठरलेली हवी: खासगी समज, मग सात दिवस बंदी, मग तीस, मग कायम. जाहिरातीच्या आयडीला ही चढण नाही, तो पहिल्यांदाच जातो. समज देताना माणसाचा उल्लेख नको, वाक्याचा हवा. ‘तुम्ही नेहमीच उद्धट बोलता’ असं लिहिलंत की दहा ओळींचा खुलासा येतो. ‘काल ९ वाजता लिहिलेलं “अक्कल गहाण टाकली का” हे वाक्य काढलं आहे, बाकी उत्तर चांगलं आहे म्हणून ठेवलं’ असं लिहिलं तर बहुतेकदा ‘ठीक’ एवढंच येतं. ज्या धाग्यावर मॉडरेटरनं स्वतः उत्तर दिलं आहे, तिथे त्यानं मॉडरेटरच्या खुर्चीवर बसायचं नाही, दुसऱ्याला बोलवायचं. दाद मागितली तर ती तिसऱ्यानं बघायची. चौघं आहात, हे जमतं.

यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं आता रोजची झाली. स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ मध्येच त्यांना मनाई केली: दिसायला नीटनेटकी, बरेचदा चुकीची, आणि तपासायला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागणारी. ओळखण्याच्या मागे फार लागू नका. ‘तुमचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे’ अशी सुरुवात करणारे सज्जन निवृत्त प्राध्यापकही असतात. वरचा पाच गोष्टींचा नियम लावा आणि एक रकाना वाढवा: हे स्वतः करून बघितलंय का, कुठल्या पिकावर, कधी? यंत्राची नक्कल इथे बहुतेकदा रिकामी राहते किंवा उघड खोटी पडते.

कायद्याचं थोडक्यात. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ तुम्हाला इतरांच्या मजकुराबद्दल संरक्षण देतं, पण अटींवर. श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये स्पष्ट केलं की या कलमापुरतं ‘माहीत असणं’ म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना. कुणा वकिलाची साधी नोटीस म्हणजे आदेश नव्हे. याच कायद्याखालच्या २०२१ च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ठळक जागी हवा, तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यायची, आणि आदेशावरून हटवलेला मजकूर १८० दिवस जपून ठेवायचा. निकाली काढायच्या मुदती दुरुस्त्यांमधून बदलत असतात, तेव्हा सध्याचा मजकूर केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून काढून चौघांकडे ठेवा.

वेळेचा हिशेब असा धरा. चाळीस प्रश्नांवर प्रत्येकी दोन मिनिटं नजर, म्हणजे ८० मिनिटं. त्यांतले दहा नीट करायला प्रत्येकी आठ, आणखी ८०. पंधरा तक्रारी चार-चार मिनिटांच्या, ६०. रोज पावणेचार तास होतात, म्हणजे माणशी तासाला थोडं कमी. जुलै-ऑगस्टमध्ये हे दुप्पट धरा, द्राक्षपट्ट्यातले सभासद जास्त असतील तर ऑक्टोबर छाटणीनंतरही. पाळ्या लावताना सकाळी सहा ते आठ आणि रात्री आठ ते दहा भरून घ्या, रानातून आलेला माणूस तेव्हाच फोन हातात घेतो. प्रत्येक कारवाईची एक ओळ सामायिक तक्त्यात: तारीख, दुवा, कुणी, काय केलं, कुठल्या नियमानं. दोन महिन्यांनी तो तक्ता चाळला की कळतं, एकच नियम चौघं चार तऱ्हेनं लावताहेत.

मे महिन्यात, खरिपाच्या तोंडावर, गेल्या वर्षी सर्वांत जास्त वाचली गेलेली पन्नास उत्तरं काढा आणि चौघांत वाटून घ्या. प्रत्येक औषधाचं नाव केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या चालू यादीशी ताडून बघा. बंदी आलेलं असेल तर उत्तर उडवू नका, वर लाल चौकटीत तारखेसह तसं लिहा आणि चालू उत्तराचा दुवा द्या. शोधातून त्या पानावर थेट उतरणारा माणूस धाग्याच्या तळापर्यंत जात नाही, त्यामुळे चौकट पहिल्या ओळीच्या वर असली पाहिजे, आणि मोबाइलवर स्क्रोल न करता दिसली पाहिजे.